नऊशे कोटी वर्षांचं अंडं

यावर तुमचा विश्वास बसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बसूही नये. मी एकवीस वर्षं गाडी चालवली आणि चालवता चालवता थापा मारल्या. भद्रावतीपासून वरोऱ्यापर्यंत गाडी मागच्या गिअरात नेल्याची माझी गोष्ट अजून सांगितली जाते. ती ऐकणाऱ्यांपैकी चौघे तर आपण त्या गाडीत बसलो होतो, असं शपथेवर सांगतात. पण पृथ्वीहून दुप्पट म्हातारं अंडं मी या डोळ्यांनी पाहिलं आहे. पृथ्वीचं वय साडेचारशे कोटी वर्षं. अंड्याचं नऊशे कोटी. ते घालताना कोंबडी कशावर बसली होती, ते मला विचारू नका.

मी भाऊराव निब्रड, ड्रायव्हर. माझा कंडक्टर शालिक आसुटकर. आमची जोडी अशी की त्याने घंटी वाजवायच्या आत मला कळायचं, आता हा वाजवणार. शालिक सरळ माणूस. त्याला एकच खोड. गाडी जिथे थांबेल तिथे खाली उतरून धोंडे वेचायचे. फाट्यावर लोक पान खात, मी चहा पीत असे, आणि हा नाल्याच्या काठाने वाकून चालला आहे, जणू कोणाची नथ हरवली आहे. धोंडा सापडला की तो आधी जिभेला लावायचा. हाड असेल तर जिभेला चिकटतं, दगड चिकटत नाही, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. मग धोंडा तिकिटांच्या पेटीत आणि नोंद वहीत. 'क्र. ८८. बोरटेकडी फाटा. गोगलगायीसारखा. गोगलगायच असावी. इथे तळं होतं काय?'

अशा चारशे बारा नोंदी आणि चारशे बारा धोंडे, सगळे त्याच्या दोन खोल्यांच्या घरात. त्याची बायको रेवताबाई म्हणायची, "लोकायच्या घरी कंडक्टर येते तर हातात भाजी असते. आमच्या घरी रस्ता येते."

अंडं सापडलं ते आमडीपारच्या फाट्यावर. चाक पंक्चर झालं होतं. मी जॅक लावत होतो, प्रवासी मला शिव्या देत होते, आणि शालिक नाल्यातून आला तो दोन्ही हातांत काहीतरी धरून. नारळाएवढं, गोल, वरून बारीक बारीक पुटकुळ्या. मी म्हटलं, "टाक ते. आधी पाना दे."

तो म्हणाला, "भाऊ, हे अंडं हाय."

"कोणाचं?"

"जे आता नाही, त्यायचं."

एवढंच बोलला. वरोऱ्यापर्यंत ते त्याने मांडीवर ठेवून आणलं आणि एका बाईने बसायला जागा मागितली तर स्वतः उभा राहून अंड्याला जागा दिली. ही थाप नाही. त्या बाईने तक्रार केली होती.

त्याला एकोणीस वर्षं झाली. आम्ही दोघे निवृत्त झालो, गुडघे गेले, आणि तीन वर्षांपूर्वी तालुक्याला अश्मनोंदणी केंद्र आलं. केंद्रात वयकाटा आला.

वयकाटा म्हणजे काय, ते मला तिथल्या डॉक्टर मृण्मयी रामटेके मॅडमनी समजावलं. वय बत्तीस, आवाज हळू, आणि दगड हातात घेताना तान्ह्या पोराची मान सांभाळावी तसा घ्यायच्या. मी म्हटलं, मॅडम, मला ड्रायव्हरला कळेल असं सांगा. त्यांनी सांगितलं ते असं.

समजा एक गाडी सुटली. आत सगळे प्रवासी पांढऱ्या टोपीचे. वाटेत कुणी चढत नाही, कुणी उतरत नाही. पण ठरलेल्या वेगाने एकेक जण पांढरी टोपी काढून काळी घालतो. पाऊस असो, ऊन असो, तो वेग बदलत नाही. आता कुठेही गाडी थांबवा आणि टोप्या मोजा. किती पांढऱ्या, किती काळ्या, यावरून गाडी सुटून किती वेळ झाला ते कळतं. पांढरी टोपी म्हणजे युरेनियम. काळी म्हणजे शिसं. चिखलात गाडलेल्या अंड्याच्या कवचात पाण्याबरोबर कणभर युरेनियम शिरतं आणि कवच दगड होताना आत बंद होतं. तिथून गाडी सुटली. वयकाटा केसाहून बारीक उजेड त्या कवचावर मारतो, चिमूटभराचा हजारावा भाग वाफ होऊन आत जातो, आणि यंत्र एकेक टोपी मोजतं.

"पण मॅडम," मी विचारलं, "एवढ्या टोप्या मोजायला किती वेळ?"

"चहा होईपर्यंत."

पूर्वी हेच काम परदेशी प्रयोगशाळेत व्हायचं, नंबर लागायला वर्षं जायची, आणि आमच्यासारख्यांना दारात कोणी उभं करत नसे. आता कोणीही पिशवीत धोंडा आणावा आणि छापील कागद घेऊन जावं. लोकांनी त्या कागदाचं नाव ठेवलं जन्मदाखला. पहिल्या वर्षी तर वेडच लागलं. पाटे आले, वरवंटे आले, उखळ आलं, एका सरपंचाने ग्रामपंचायतीची कोनशिला उपटून आणली. गंमत अशी की आमच्याकडचा काळा दगड सगळा एकाच लाव्हाचा. ज्याला त्याला उत्तर एकच, साडेसहा कोटी वर्षं. सरपंचाचा दगड आणि त्याच्या विरोधकाच्या गोठ्यातला दगड जुळे निघाले. मग लोकांचा उत्साह ओसरला आणि खरे वेचणारे तेवढे उरले.

शालिकने गोगलगाय नेली. साडेसहा कोटी. लाकडाचा तुकडा नेला. तेवढाच. प्रत्येक दाखला तो वहीत चिकटवायचा. अंडं मात्र त्याने तीन वर्षं नेलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, "नाही निघालं तर?"

शेवटी गेल्या माघात नेलं. मी बरोबर होतो. रेवताबाईही आली, म्हणाली मला डोळे तपासायचे आहेत, आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे न जाता आमच्याबरोबर बाकावर बसून राहिली.

मॅडमनी आधी अंडं आतून पाहायच्या पेटीत ठेवलं. पडद्यावर करडं धुकं आलं. धुक्यात एक वाकडी रेघ. मॅडमनी काहीतरी फिरवलं आणि रेघेचे मणी झाले. एकापुढे एक, जोंधळ्याच्या दाण्याएवढे. पाठीचा कणा. तो गोल फिरून खाली गेला होता आणि त्याच्या टोकाला, पोटाशी घेतलेलं, एक डोकं. डोळ्याची खोबण एवढी मोठी की तोंडाला जागाच उरली नव्हती. पुढचा एक पाय नाकाशी होता. जसं काही झोपेत नाक खाजवायला उचलला आणि राहून गेला.

ते पिल्लू बाहेर आलं असतं तर आमच्या गाडीहून लांब झालं असतं. आमडीपारला, जिथे मी जॅक लावला तिथे, त्याची आई उभी असेल आणि तिच्या पायाखाली चिखल दबत असेल. साडेसहा कोटी वर्षांत समुद्र सरकले, हिमालय उठला, माकडाचा माणूस झाला, माणसाने गाडी केली, गाडीचं चाक पंक्चर झालं, आणि हे पोर अजून नाकाशी पाय घेऊन जन्माची वाट पाहत होतं.

शालिकने टोपी काढली. मला वाटतं, त्याचं त्यालाही कळलं नाही.

"काका," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांचा हळू आवाज आणखी हळू झाला, "असं पूर्ण पिल्लू मी पुस्तकातही एकदाच पाहिलं आहे. वय येऊ द्या. मग मी तुमचं नाव कळवते."

चहा झाला. यंत्राने कागद टाकला. मॅडमनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि उजेड दुसऱ्या जागी मारून बघितला. मग तिसऱ्या. आकडा थोडा इकडेतिकडे व्हायचा, पण राहायचा तिथेच. नऊशे कोटी वर्षं.

"म्हणजे लई जुनं?" शालिकने विचारलं.

"पृथ्वीच्या आधीचं, काका. असं होत नाही." त्यांनी कागद उलटा ठेवला. "आत बाहेरचं शिसं आहे. खूप. जणू कोणीतरी टपावरून काळ्या टोप्यांचं पोतं गाडीत रिकामं केलं. मूळच्या कोणत्या आणि ओतलेल्या कोणत्या, हे यंत्राला कळत नाही. मग ते दगडावर कोणीतरी काम केलं आहे असं धरतं."

"कसलं काम?"

मॅडमनी कागद पुन्हा सुलटा केला. मग सांगितलं. आजकाल खरी कवचं घेऊन आत हाडं छापतात. शिशाच्या रसायनाने सांधे बुजवतात. या वर्षात तीन अशी अंडी देशात पकडली गेली. यंत्राचा आकडा पृथ्वीच्या वयापलीकडे गेला की नोंद आपोआप होते. त्यांच्या हातात काही नव्हतं. कागदावर शेवटी एकच शब्द छापलेला होता. बनावट.

नियम असा की पंधरा दिवसांनी सुनावणी. शिसं कुठून आलं ते दाखवता आलं नाही तर वेचणाऱ्याचं नाव देशभरच्या बनावटांच्या यादीत जातं. त्याच्या नावावरचे सगळे दाखले रद्द. गोगलगायीचाही.

शालिकने भांडण केलं नाही, हे वाईट होतं. तिसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे गेलो तर हा वही उघडून बसलेला आणि समोर धोंडे रांगेत.

"काय करून राहिला?"

"परत नेतो. जिथून उचलले तिथं ठेवतो. वहीत सगळे फाटे लिहिले हाय."

"चारशे बारा?"

"उचलताना जड नाही वाटले."

मी त्याला माझ्या स्कूटरवर बोरटेकडीला नेलं. त्याने गोगलगाय नाल्यात ठेवली, वाळूत थोडी दाबली आणि उभा राहिला. परतताना माझ्या पाठीमागून म्हणाला, "भाऊ, मी कधी अर्ध्या तिकिटाची चोरी केली नाही. आता लोक म्हणतील, आसुटकर अंडे बनवते."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी रेवताबाई माझ्या दारात आली. पाणी दिलं ते प्यायली नाही.

"भाऊजी, शिसं कशात असते?"

मी म्हटलं बंदुकीच्या गोळीत असतं, जुन्या रंगात असतं, बॅटरीत असतं.

"शेंदरात?"

मला माहीत नव्हतं. मी मोबाईलवर पाहिलं. जुन्या पद्धतीचा शेंदूर म्हणजे शिशाचीच राख, भाजून लाल केलेली. मी मान वर केली तर तिने पदर तोंडाला लावला होता.

हळूहळू सगळं बाहेर आलं. अंडं घरात आलं त्याच वर्षी शालिकच्या छातीत दुखलं होतं. नागपूरला नेलं, डॉक्टरांनी छातीत ठोके सांभाळणारं यंत्र बसवलं आणि हात झटकले, म्हणाले बघा तुमचं नशीब. घरी आल्यावर रेवताबाईला दुसरं काही सुचेना. त्या अंड्याला शेंदूर लावला आणि म्हणाली, माझ्या नवऱ्याला जगव, मी दर शनिवारी तुला लावीन. शालिक उठला. बाई बोलल्याप्रमाणे लावत राहिली. शनिवारी पहाटे लावायचा आणि तो उठायच्या आत पुसून काढायचा. एकोणीस वर्षं. धोंड्यांना दिवसभर नावं ठेवायची आणि त्यातल्याच एकाला हात जोडायचे.

"मग सांगून टाका ना त्याला. प्रश्न मिटला."

"नाही सांगता येत." तिने मान हलवली. "आमच्याकडे ज्याच्यासाठी नवस केला त्याच्या कानावर तो जाऊ देत नाही. गेला तर उतरते. त्यायच्या छातीत अजून ते यंत्र हाय भाऊजी. तुमी म्हणाल मूर्ख हाय. असेल. पण मी सांगून पाहून नाही शकत."

मी तिला मूर्ख म्हटलं नाही. मी स्वतः एकवीस वर्षं स्टिअरिंगला लिंबू बांधून गाडी चालवली आहे.

आता मला एक गोष्ट आठवली. शालिकच्या वहीत अंड्याखाली दर वर्षी एक ओळ असायची. 'रंग यंदा जास्त तांबूस. निसर्गाची किमया.' तीन वर्षांनी, 'लाजल्यासारखं दिसतं.' त्या ओळी वाचून मी मनात हसायचो. आणि माझ्या डोक्यात थाप तयार झाली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली थाप. तिच्यात कोणाचा नवस नव्हता, कोणाची बायको नव्हती. फक्त भाऊराव निब्रड होता, ज्याच्याकडून कोणी बरी अपेक्षा करत नाही.

सुनावणी केंद्राच्या सभागृहात झाली. मॅडम, वरून आलेले दोन अधिकारी आणि पाचपन्नास वेचणारे लोक, ज्यांना पाहायचं होतं की यादीत आपला नंबर कधी लागतो. शालिक पहिल्या रांगेत. रेवताबाई त्याच्या मागे, मांडीवर पिशवी घेऊन.

मी उभा राहिलो आणि सांगितलं की हे मी केलं.

"मी दर शनिवारी याच्याकडे चहाला जायचो. हा चहा टाकायला आत गेला की मी अंड्याला शेंदूर चोपडायचो आणि रुमालाने पुसायचो. रंग थोडा चढायचा. मग हा वहीत काय लिहितो ते पाहायचं. याने लिहिलं, निसर्गाची किमया. मला एवढं हसू आलं की पुढच्या शनिवारी पुन्हा लावला. गंमत वाढत गेली. एकोणीस वर्षं वाढली."

सभागृहात लोक हसले. एक अधिकारीही हसला. मी सगळं रंगवून सांगितलं. एकदा पुसताना शिंक आली ती, एकदा नाकाला शेंदूर लागला आणि शालिकने विचारलं, देवळातून आला काय. मला स्वतःला ते सगळं दिसत होतं. चांगल्या थापेचं तसंच असतं.

शालिक हसला नाही. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. ब्रेक लागला नाही तर घाटात प्रवासी ड्रायव्हरकडे पाहतात, तसं.

"एकोणीस वर्षं, भाऊ?" तो म्हणाला.

"हो."

"माझ्या घरी बसून."

"हो रे."

त्याने तोंड फिरवलं. मला ठाऊक होतं, आता माझ्यासाठी त्या घरात चहा होणार नाही. पण नाव यादीत जाणार नव्हतं, आणि नवस जागच्या जागी राहणार होता. माझ्या मते सौदा बरा होता.

मॅडम मात्र खुर्चीवरून उठल्या होत्या. त्यांचा चेहरा उजळला होता.

"काका, शेंदूर असेल तर फार सोपं आहे." त्या सगळ्यांकडे वळल्या. "प्रत्येक खाणीच्या शिशाची मिसळण वेगळी असते. घराण्याचं नाक असतं ना, तसं. ओतलेल्या टोप्या कोणत्या शिंप्याच्या, एवढं कळलं की त्या बाजूला काढता येतात. राहिलेल्या अंड्याच्या स्वतःच्या. तोच शेंदूर हवा फक्त. त्याच डबीतला."

मी खिशातून डबी काढली. कालच बाजारातून घेतली होती आणि ती जुनी दिसावी म्हणून रात्रभर स्कूटरच्या डिकीत खिळ्यांबरोबर ठेवली होती.

"हीच का?"

"पहिल्यापासून हीच."

"बघा हं. दुसराच शेंदूर असला तर मी चुकीच्या टोप्या काढेन. अंड्याला भलतंच वय येईल आणि मग कोणालाच ते सुधारता येणार नाही. सुनावणी एकदाच होते. नक्की हीच?"

माझ्या थापेला इथे रस्ता संपला होता आणि मला ते कळलं. पण गाडी उतारावर होती. पिल्लू पडद्यावर तसंच गोल होऊन पडलं होतं, नाकाशी पाय घेऊन. मी म्हटलं, "नक्की."

मॅडमनी डबी घेतली, झाकण फिरवलं. वहीत लिहिता लिहिता सहज विचारलं, "शेंदूर कशात कालवायचात? तेही नोंदवावं लागतं."

मी आयुष्यात देवाला हात लावलेला नाही. लिंबूसुद्धा बायको बांधून द्यायची.

"पाण्यात," मी म्हटलं. "कशात कालवणार?"

मागच्या रांगेत खुर्ची सरकली.

"खोटं हाय ते," रेवताबाई म्हणाली. ती उभी राहिली होती आणि तिचा हात पिशवीत होता. "पाण्यात शेंदूर धरत नाही, मॅडम. जवसाच्या तेलात कालवावा लागते. या माणसानं जन्मात शेंदूर लावला नाही." तिने पिशवीतून डबी काढली. झाकणावर बोटांचे तांबडे ठसे एकावर एक बसून काळे पडले होते. ती मॅडमकडे बघत नव्हती. ती शालिकच्या पाठीकडे बघत होती. "ही घ्या. मी लावत होती. आन् तुमी इकडे तोंड करा जी, शालिकराव. कोणासाठी लावत होती, ते ऐकून घ्या."